अठरा वर्षांचे शिल्प : केटे कोलविट्झ

चित्रकार म्हटला की रंगांची तबकडी, कुंचला आणि ताणलेला कॅनव्हास डोळ्यांपुढे येतो. केटे कोलविट्झ या जर्मन चित्रकर्तीने मात्र ऐन उमेदीत रंग बाजूला ठेवले आणि पुढची पन्नास वर्षे मुख्यतः काळ्या शाईवर भागवले. तांब्याच्या पत्र्यावर अम्लाने कोरलेल्या रेषा, दगडावरून घेतलेले शिळाछाप ठसे, उत्तरायुष्यात लाकडात कोरलेले ठोकळे आणि त्यांच्या जोडीला थोडीशी शिल्पे, एवढाच तिचा संसार. तैलचित्र एका धनिकाच्या दिवाणखान्यात जाऊन बसते, ठशावरून काढलेले चित्र मात्र थोडक्या पैशांत शेकडो हातांत पडू शकते, हे तिने फार लवकर ओळखले होते. 1890 च्या दशकात घाटकोपरच्या राजा रविवर्मा छापखान्यातून जर्मन यंत्रांवर लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत तसबिरी निघू लागल्या आणि घरोघरच्या भिंतींवर विराजमान झाल्या. त्याच दशकात, त्याच शिळामुद्रणाच्या तंत्राने, बर्लिनमध्ये एक तरुण विवाहिता उपाशी विणकऱ्यांची चित्रे छापत होती.

केटेचा जन्म 8 जुलै 1867 रोजी पूर्व प्रशियातील क्योनिग्सबर्ग या बंदराच्या गावी झाला. तत्त्वज्ञ कांटचे गाव म्हणून ते प्रसिद्ध होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ते रशियाकडे गेले आणि त्याचे नाव कालिनिनग्राद झाले. तिचे आजोबा युलियस रूप हे धर्मोपदेशक होते. सरकारमान्य चर्चशी त्यांचे पटले नाही, त्यांना पदच्युत करण्यात आले, तेव्हा 1846 मध्ये त्यांनी स्वतंत्र धर्ममंडळ स्थापन केले. वडील कार्ल श्मिट यांनी कायद्याचा अभ्यास केला होता, पण आपल्या विचारांच्या माणसाला प्रशियन राज्याच्या चाकरीत सुखाने राहता येणार नाही हे ध्यानी येताच त्यांनी सरळ गवंडीकाम शिकून घेतले आणि घरे बांधण्याचा व्यवसाय पत्करला. सुशिक्षित माणसाने हाती थापी धरावी, ही गोष्ट त्या काळच्या जर्मनीतही विरळाच. सत्याकरिता किंमत मोजावी लागते आणि ती कुरकुर न करता मोजावी, हा घरचा संस्कार होता.

त्या घरात आणखी एक गोष्ट होती. आईची पहिली दोन मुले अगदी लहानपणी गेली होती आणि शेंडेफळ बेन्यामिन हाही वर्षाचा असतानाच दगावला. आईने आपले दुःख कधी बोलून दाखवले नाही. तिचा तो ताठ, मूक चेहरा लहानगी केटे पाहत असे आणि मनातून धास्तावत असे. पुढे तिच्या चित्रांत ज्या माता आल्या, त्या बहुतेक ओरडत नाहीत, ऊरही बडवत नाहीत. मूल घट्ट धरून त्या नुसत्या बसलेल्या असतात. या मातांचे मूळ क्योनिग्सबर्गच्या त्या घरात शोधावे लागते.

मुलीच्या हातात कला आहे हे वडिलांनी ओळखले. चौदाव्या वर्षापासून त्यांनी तिला एका ताम्रपट-कोरक्याकडे चित्रकला शिकायला ठेवले. सरकारी कला-अकादमीची दारे मुलींना बंद होती, म्हणून बर्लिन आणि नंतर म्यूनिक येथील स्त्रियांच्या कलाशाळांत तिचे शिक्षण झाले. बर्लिनला कार्ल श्टाउफर-बेर्न या शिक्षकाने तिला माक्स क्लिंगरची मुद्राचित्रे दाखवली. जीवनाची काळी बाजू सांगायला रंगापेक्षा रेषाच अधिक समर्थ असते, असे प्रतिपादन करणारा क्लिंगरचा निबंध पुढे तिच्या वाचनात आला आणि रंगांचा मोह संपला. 1891 मध्ये कार्ल कोलविट्झ या तरुण डॉक्टरशी तिचा विवाह झाला. लग्नाने मुलीची कला संपणार, अशी वडिलांची भीती होती. ती खोटी ठरली याचे श्रेय केटेइतकेच कार्लच्या समजूतदारपणालाही द्यावे लागेल.

कार्ल हा कामगारांच्या आजारपण-विमा निधीचा डॉक्टर होता. बर्लिनच्या उत्तरेकडील प्रेन्झ्लाउअर बेर्ग या कामगार वस्तीत, वाइसेनबुर्गर मार्गावरील 25 क्रमांकाच्या घरात त्यांनी बिऱ्हाड केले, ते थेट पन्नास वर्षांहून अधिक काळ. कार्लचा दवाखानाही तेथेच असे. औषध घ्यायला आलेल्या बायका केटेपाशीही येऊन बसत. नवऱ्याचे काम सुटलेले, घरात पाचवे मूल, दारूपायी मार खाल्लेला, अशा कहाण्या ती रोज ऐके. मात्र तिने स्वतःच्या आठवणींत एक गोष्ट प्रांजळपणे नोंदवून ठेवली आहे. कामगारांची चित्रे काढायला ती प्रथम प्रवृत्त झाली ती दयेने नव्हे, तर त्यांच्या शरीरांतील, हालचालींतील सौंदर्याने. क्योनिग्सबर्गच्या धक्क्यावर ओझी वाहणारे हमाल तिला सुंदर वाटत आणि सुखवस्तू माणसे फिकी वाटत. कणव नंतर आली, ती दवाखान्याच्या वाटेने. ही कबुली महत्त्वाची आहे. गरिबांची कीव करणारी चित्रे जगात उदंड झाली, पण केटेची चित्रे त्यांत मिसळत नाहीत, कारण तिने या माणसांकडे आधी चित्रकाराच्या डोळ्यांनी पाहिले होते.

फेब्रुवारी 1893 मध्ये तिने गेर्हार्ट हाउप्टमानचे विणकऱ्यांच्या उठावावरील नाटक पाहिले. सायलेशियातील हातमाग-विणकर 1844 मध्ये उपासमारीला कंटाळून मालकांवर उठले होते आणि सैन्याने त्यांना गोळ्या घालून दडपले होते. नाटकाच्या जाहीर प्रयोगास पोलिसांनी बंदी घातली होती, त्यामुळे तो खासगी प्रयोग होता. त्या वेळी केटे झोलाच्या कादंबरीवर चित्रे करण्याच्या विचारात होती. तो विचार तिने तेथेच सोडला आणि पुढली चार वर्षे विणकऱ्यांना दिली. तान्हे मूल मांडीवर, घरात काम, अम्लरेखनाचे तंत्र अजून हाती नीट बसलेले नाही, अशा स्थितीत सहा चित्रांची मालिका तयार झाली. पहिली तीन चित्रे, दारिद्र्य, मृत्यू आणि खलबत, शिळाछाप आहेत. विणकऱ्यांची कूच, मालकाच्या दारावरील हल्ला आणि शेवट ही तीन अम्लरेखने आहेत. शेवटच्या चित्रात मागाच्या अंधाऱ्या खोलीत प्रेते आणून ठेवली जात आहेत. नाटकातील प्रसंगांची ती सचित्र नक्कल नव्हे. बाई, मूल आणि माग यांची ही स्वतंत्र कथा आहे. ही मालिका केटेने वडिलांच्या सत्तराव्या वाढदिवशी त्यांच्यापुढे ठेवली. ती जाहीरपणे प्रदर्शित झालेली पाहण्यापूर्वीच ते निवर्तले.

1898 च्या बर्लिनमधील मोठ्या कलाप्रदर्शनात ही मालिका लागली. वयोवृद्ध चित्रकार आडोल्फ मेंत्सेल परीक्षक मंडळात होता. मंडळाने केटेला सुवर्णपदक द्यावे अशी शिफारस केली. कैसर दुसरा विल्हेल्म याने ती फेटाळली. पदके आणि मानचिन्हे कर्तबगार पुरुषांच्या छातीवर शोभतात, स्त्रीला पदक देणे म्हणजे पदकाचाच अपमान, असा त्याचा अभिप्राय होता असे सांगतात. अर्थात स्त्रीत्व हे निमित्त. उपाशी विणकर मालकाच्या फाटकाचे दगड उपटताना दाखवणारे चित्र सम्राटाने गौरवावे, ही अपेक्षाच भाबडी होती. पुढल्याच वर्षी ड्रेस्डेनने तिला पदक दिले आणि तेथील चित्रसंग्रहाच्या अधिकाऱ्याने ही मालिका संग्रहासाठी घेतली. एकतीस-बत्तीस वर्षांची केटे अचानक जर्मनीतील नामवंत कलावंतांच्या पंक्तीला जाऊन बसली.

यानंतरची मालिका सोळाव्या शतकातील शेतकरी-युद्धावर होती. 1902 ते 1908 अशी सहा वर्षे तिने तीवर घालवली. 1524-25 मध्ये जर्मन कुळांनी सरंजामदारांविरुद्ध शस्त्र उचलले होते, त्या उठावातील एका काळ्या ॲनाची हकीकत तिच्या वाचनात आली होती. बैलाच्या जागी स्वतःला जुंपून घेऊन जमिनीलगत वाकलेले नांगरे, विळ्याला धार लावता लावता अर्धवट मिटलेल्या डोळ्यांनी विचार करणारी बाई, हात उंचावून जमावाला पुढे लोटणारी पाठमोरी ॲना, ही चित्रे आजही पाहणाऱ्याला हलवतात. सातांपैकी एका चित्रात रणांगणावर रात्र झालेली आहे, एक म्हातारी कंदील घेऊन प्रेतांतून फिरते आहे आणि एका तरुणाच्या हनुवटीला तिचा हात लागला आहे. प्रकाश पडला आहे तो त्या हातावर आणि मृताच्या चेहऱ्यावर. त्याच सुमारास, 1903 मध्ये, तिने मृत बालकाला कवटाळून बसलेल्या स्त्रीचे एक भयंकर चित्र केले. त्यासाठी ती सात वर्षांच्या पीटरला, आपल्या धाकट्या मुलाला, मांडीवर घेऊन आरशासमोर बसत असे. ती बैठक इतकी कष्टाची होती की तिच्या तोंडून कण्हणे निघे, आणि तो लहानगा पीटरच तिची समजूत घाली, की चित्र चांगलेच होणार आहे. दहा-अकरा वर्षांनी या चित्राकडे पाहताना तिला काय वाटले असेल, याची कल्पना करवत नाही.

भित्तिपत्रकांचे तिचे काम याच काळात सुरू झाले आणि सुरू होताच सत्ताधाऱ्यांना खुपले. 1906 मध्ये बर्लिनला घरबसल्या मजुरी करणाऱ्यांच्या कष्टांचे प्रदर्शन भरले. घरी आणलेल्या कामावर रात्री जागवणाऱ्या अशा एका थकलेल्या बाईचा चेहरा केटेने त्याच्या भित्तिपत्रकावर काढला. ती पत्रके काढून टाकल्याखेरीज आपण प्रदर्शनाला येणार नाही, असे सम्राज्ञीने कळवले. 1912 मध्ये बर्लिनमधील घरटंचाईवर तिने आणखी एक पत्रक केले. एकेका खोलीत पाच वा अधिक माणसे अशा अवस्थेत सहा लाख लोक राहतात, एवढीच माहिती त्यावर छापली होती आणि वर दोन कोमेजलेली मुले होती. वर्गद्वेष पसरवणारे म्हणून पोलिसांनी ते लावू दिले नाही. माहिती खोटी आहे असे कोणी म्हटले नव्हते.

इथवरची कथा एका धीट, यशस्वी कलावतीची आहे. तिच्या आयुष्याला वेगळी खोली आली ती 1914 च्या ऑगस्टमध्ये.

महायुद्ध पेटले तेव्हा पीटर मित्रांबरोबर नॉर्वेला सहलीस गेला होता. तो परतला तो सैन्यात जाण्याच्या निश्चयाने. वय अवघे अठरा. सज्ञान नसल्याने वडिलांच्या लेखी संमतीखेरीज त्याला भरती होता येत नव्हते. कार्लने साफ नकार दिला. देशाला अजून तुझी गरज नाही, गरज लागली तर बोलावतील, असे त्याचे म्हणणे होते. पीटरने आईकडे पाहिले. आणि केटे उठली आणि तिने नवऱ्याची मनधरणी केली. ती युद्धखोर नव्हती. पण त्या दिवसांत सारा जर्मनी एका उन्मादात होता, समाजवादी पक्षानेही युद्धकर्जाला मत दिले होते आणि आपल्या मुलाचा त्याग ही काहीतरी उदात्त गोष्ट आहे असे तिलाही वाटून गेले. कार्लने संमती दिली. पीटर ऑक्टोबरमध्ये आघाडीवर गेला आणि 22-23 ऑक्टोबरच्या रात्री बेल्जियममधील डिक्समाउडे गावाजवळ मारला गेला. आघाडीवर जाऊन त्याला पुरते दोन आठवडेही झाले नव्हते.

मुलगा युद्धात गेलेल्या माता त्या चार वर्षांत लाखांनी झाल्या. केटेचे दुःख त्यांच्याहून मोठे होते असे म्हणता येणार नाही, पण त्यात एक काटा होता. सही कार्लची होती, शब्द तिचा होता. 1908 पासून लिहीत आलेल्या रोजनिशीत ती पुढील अनेक वर्षे या एका प्रश्नाभोवती फिरत राहिली. युद्ध हे मूर्खपणाचे आणि पापाचे आहे, असे म्हणावे तर पीटर कशासाठी मेला? तो फसवला गेला असे म्हणणे म्हणजे त्याच्या श्रद्धेचा विश्वासघात. आणि त्याची श्रद्धा खरी मानावी, तर इतर मुलांनाही त्याच वाटेने जाऊ द्यावे लागणार. शांततावादाकडे ती या पेचातून, पाय ओढत ओढत आली. सभांत टाळ्या घेणाऱ्या वक्त्यांचा शांततावाद आणि तिचा शांततावाद यांत फरक दिसतो तो यामुळे. ऑक्टोबर 1918 मध्ये पराभव समोर दिसत असताना कवी रिचर्ड डेमेल याने शेवटच्या तुकडीसाठी स्वयंसेवकांना आवाहन केले. केटेने वृत्तपत्रातून त्याला जाहीर उत्तर दिले. पुरे झाले, आता आणखी एकही जाता कामा नये, असा त्या पत्राचा रोख होता, आणि त्यासाठी तिने गटेच्या लेखनातून पेरणीसाठी राखलेल्या दाण्यांची उपमा घेतली होती. ही उपमा पुढे तिने जन्मभर सोडली नाही.

पीटर गेल्यावर दीड महिन्याच्या आत तिने त्याच्या स्मारकाची कल्पना केली. पहिल्या आराखड्यात पीटरचा देह आडवा, डोक्याशी बाप, पायांशी आई अशी रचना होती. काम होईना. मातीत आकार येई, तो तिला खोटा वाटे, ती मोडून टाकी. 1919 मध्ये तिने ते बाजूला ठेवले आणि आपण पुन्हा याकडे येऊ असे मनाशी ठरवले.

मधल्या काळात जर्मनी उलथापालथीतून जात होता. जानेवारी 1919 मध्ये कार्ल लीबक्नेख्ट आणि रोझा लक्झेंबर्ग यांची बर्लिनमध्ये हत्या झाली. लीबक्नेख्टच्या कुटुंबीयांनी केटेला शवागारात बोलावून मृताचे रेखाटन करायला सांगितले. ती कम्युनिस्ट नव्हती. लीबक्नेख्टच्या मार्गाला तिची संमती नव्हती. पण हजारो कामगारांचा शोक तिने पाहिला होता आणि राजकारण बाजूला ठेवून तो शोक चितारण्याचा हक्क कलावंताला आहे असे तिचे मत होते. त्या चित्रासाठी तिने अम्लरेखन करून पाहिले, शिळाछाप करून पाहिला, मनासारखे उतरेना. मग 1920 मध्ये एर्न्स्ट बारलाखचे काष्ठठसे पाहताच तिला वाट सापडली. लाकडाच्या ठोकळ्याला मधल्या छटा माहीत नाहीत. कोरले ते पांढरे, राहिले ते काळे. मृतावर वाकलेल्या कामगारांचे ते चित्र तिने अशा रीतीने कोरले.

त्यामागोमाग 1922-23 मध्ये सात काष्ठठशांची युद्ध-मालिका आली. युद्धावरील या चित्रांत तोफ नाही, खंदक नाही, शत्रूही नाही. पहिल्या चित्रात एक विवस्त्र आई आपले तान्हे पुढे धरून देते आहे. दुसऱ्यात मृत्यू नगारा वाजवत पुढे चालला आहे आणि तरुण भारल्यासारखे त्याच्या मागे निघाले आहेत. मृत्यूच्या अगदी लगत जो आहे तो पीटर. मग आईबाप, विधवा, एकमेकींना कवटाळून मुलांभोवती तटबंदी केलेल्या माता, आणि लोक. दान देणाऱ्या आईपासून तट बांधणाऱ्या आईपर्यंतचा हा प्रवास तिचा स्वतःचाच होता.

या वर्षांत ती मागेल त्या सत्कार्यासाठी चित्रे देत गेली. उपाशी व्हिएन्नातील मुले, 1921 चा रशियातील दुष्काळ, चलनफुगवट्याने कंगाल झालेल्या जर्मनीतील रिकाम्या थाळ्या पुढे करणारी पोरे, गर्भपाताच्या कायद्यात भरडल्या जाणाऱ्या बायका, कैदी, दारूबंदी. 1924 मध्ये लाइपझिग येथील समाजवादी तरुणांच्या मेळाव्यासाठी तिने युद्धबंदीची शपथ घेणाऱ्या, एक हात उंच उभारलेल्या तरुणाचे भित्तिपत्रक केले. ते पुढे जगभर शांतता-चळवळीचे चिन्ह झाले. हे प्रचाराचे काम, ही शुद्ध कला नव्हे, अशी टीका तेव्हाही होई. तिने ती मान्य केली आणि काम चालू ठेवले. आपल्या काळात आपला काही उपयोग व्हावा, एवढीच आपली इच्छा असल्याचे तिने रोजनिशीत नोंदवले आहे. तिच्या सर्वच चित्रांचा दर्जा सारखा नाही हे खरे. घाईने केलेल्या काही पत्रकांत चेहरे तेच ते वाटतात. पण भुकेचे चित्र उशिरा झाले तर ते कितीही उत्तम असून उपयोग काय, हा तिचा हिशेब होता. दुसरीकडे, लोक समजतात तशी आपण क्रांतिकारक नाही, हिंसेचा आपल्याला उबग आहे, आणि तरी कामगारांची चित्रकर्ती म्हणून आपला जयजयकार होतो, याची तिला लाज वाटे.

मानसन्मान आता मागे लागून येत होते. 1919 मध्ये प्रशियन कला-अकादमीने तिला सभासद करून घेतले आणि प्राध्यापक ही पदवी दिली. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. 1928 मध्ये ती तेथील मुद्राचित्रण वर्गाची प्रमुख झाली आणि पुढच्या वर्षी तिला देशातील एका सर्वोच्च सन्मानाने गौरवण्यात आले. तिच्या छातीवर पदक शोभणार नाही असे म्हणणारा कैसर तोवर हॉलंडमध्ये निर्वासित म्हणून राहत होता.

या सगळ्या गडबडीत पीटरचे काम तिने पुन्हा हाती घेतले होते. 1926 च्या जूनमध्ये ती आणि कार्ल प्रथमच बेल्जियममधील रोगेवेल्ड येथील त्याच्या कबरीपाशी गेली. पिवळट लाकडी क्रूसांच्या रांगा, काटेरी तारेचे कुंपण, साधी मोकळी जागा. तेथे उभे राहिल्यावर शिल्प कसे असावे हे तिला कळले. मुलाचा देह नाहीसा झाला. उरले ते दोघे, वेगवेगळ्या चौथऱ्यांवर गुडघे टेकलेले. बाप ताठ, हात स्वतःच्याच काखांत घट्ट आवळलेले, जणू सुटले तर तो कोसळेल. आई पुढे वाकलेली, शाल अंगाशी लपेटलेली. दोघांमध्ये अंतर आहे. ती एकमेकांना स्पर्श करत नाहीत. चेहरे कार्लचे आणि केटेचे आहेत. हे शिल्प एका मुलाचे स्मारक म्हणून सुरू झाले होते. अठरा वर्षे रखडल्यानंतर ते पाहताना असे वाटते, की ही आईबापे मुलापुढे क्षमा मागायला गुडघे टेकून बसली आहेत. 1931 मध्ये त्याचे प्लास्टर-रूप बर्लिनला दाखवले गेले, बेल्जियन ग्रॅनाइटमध्ये ते कोरून घेतले गेले आणि जुलै 1932 मध्ये पीटरच्या दफनभूमीत बसवले गेले.

सहाच महिन्यांनी हिटलर सत्तेवर आला. नात्झींना रोखण्यासाठी समाजवादी आणि कम्युनिस्ट या दोन्ही पक्षांनी एकत्र यावे असे जे तातडीचे आवाहन निघाले होते, त्यावर आइन्स्टाइन, हाइनरिख मान यांच्याबरोबर केटे आणि कार्ल यांच्याही सह्या होत्या. तेच आवाहन पुन्हा भिंतींवर लागताच, फेब्रुवारी 1933 मध्ये, केटे आणि हाइनरिख मान यांना अकादमीचा राजीनामा द्यावा लागला. न दिल्यास अकादमीच बंद करू अशी सरकारी धमकी होती. सभासदांपैकी फारच थोडे त्यांच्या बाजूने उभे राहिले. कार्लची विमा-रुग्ण पाहण्याची परवानगीही काही काळ काढून घेण्यात आली. तिची चित्रे प्रदर्शनांतून हळूहळू गायब होऊ लागली. जाहीर बंदीचा हुकूम न काढता माणसाला विस्मृतीत ढकलण्याची ही रीत होती.

जुलै 1936 मध्ये गेस्टापोचे दोन अधिकारी घरी आले. एका सोव्हिएट वृत्तपत्रात तिची मुलाखत आली होती. छळछावणीत धाडू, वयाची सबब चालणार नाही, अशी तंबी त्यांनी दिली. ती एकोणसत्तर वर्षांची होती. त्या दिवसापासून दोघा नवराबायकोंनी तशी वेळ आलीच तर आपणच जीवन संपवायचे असे ठरवून तशी तयारी जवळ ठेवली. अमेरिकेत आश्रय देऊ करणारे निरोप आले. मागे राहिलेल्या मुलानातवंडांवर सूड उगवला जाईल या भीतीने तिने ते नाकारले. काम मात्र थांबले नाही. 22 ऑक्टोबर 1937 रोजी, पीटरच्या मृत्यूच्या स्मरणदिनी, ती एका छोट्या शिल्पावर काम करत होती. म्हातारी आई बसलेली आणि तिच्या गुडघ्यांत मिटून पडलेला मृत मुलगा.

हिटलरच्या युद्धाची दोन वर्षे पुरी झाल्यावर, 1941-42 च्या हिवाळ्यात, तिने आपला शेवटचा शिळाछाप केला. दणकट हातांची एक म्हातारी आपल्या अंगरख्याखाली तीन मुलांना दाबून धरते आहे आणि ती खट्याळ पोरे बाहेर निसटायला पाहताहेत. चित्राला नाव दिले ते 1918 च्या पत्रातल्या त्या पेरणीच्या दाण्यांचेच. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये थोरल्या हान्सचा मुलगा रशियात मारला गेला. काकाच्या आठवणीसाठी त्याचे नाव पीटर ठेवलेले होते.

कार्ल त्यापूर्वीच, 1940 मध्ये, गेला होता. 1943 मध्ये बॉम्बहल्ल्यांमुळे तिने बर्लिन सोडले. नोव्हेंबरमध्ये वाइसेनबुर्गर मार्गावरचे घर, पन्नास वर्षांच्या सामानासह आणि पुष्कळशा चित्रांसह, जळून गेले. शेवटचे वर्ष तिने ड्रेस्डेनजवळच्या मोरित्सबुर्ग येथे, सॅक्सनीच्या राजघराण्यातील एका कलारसिकाच्या आश्रयाने काढले. 22 एप्रिल 1945 रोजी, युद्ध संपायला दोन आठवडे उरले असताना, ती वारली.

चित्रे तिच्या आधीच दूरवर पोचली होती. चीनमध्ये लेखक लू शुन याने 1931 मध्ये, आपल्या एका तरुण लेखक-मित्राला सरकारने ठार केल्यानंतर, श्रद्धांजली म्हणून तिचे तान्हे देऊ करणाऱ्या आईचे चित्र मासिकात छापले, आणि 1936 मध्ये, आपल्या मृत्यूच्या थोडे आधी, तिच्या निवडक चित्रांचा संग्रह काढला. त्याची प्रस्तावना लिहिणारी ॲग्नेस स्मेडली ही अमेरिकन लेखिका केटेला बर्लिनपासून ओळखत होती. सरोजिनी नायडूंचे बंधू, हैदराबादेत जन्मलेले क्रांतिकारक वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्याबरोबर तिने बर्लिनमध्ये कित्येक वर्षे काढली होती. हिंदुस्थानात 1943 च्या बंगालच्या दुष्काळाची चित्रे काढणाऱ्या तरुणांवर केटेची छाया पडलेली दिसते. त्यांपैकी सोमनाथ होर यांच्या कामात ती विशेष जाणवते. मुंबईत अंधेरीला आयुष्याचा मोठा काळ काढलेले चित्तप्रसाद यांचे काळेपांढरे लिनोठसे पाहतानाही तिची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

बर्लिनमध्ये तिच्या राहत्या मार्गाला आणि शेजारच्या चौकाला तिचे नाव मिळाले. जर्मनीच्या एकीकरणानंतर, 1993 मध्ये, आईच्या गुडघ्यांतील मृत मुलाचे ते छोटे शिल्प मोठे करून राष्ट्रीय स्मारकात ठेवण्यात आले. युद्धाचे आणि जुलमी राजवटीचे बळी म्हणून मारणारे आणि मरणारे एकाच शिल्पाखाली आणता येतात काय, यावरून तेव्हा बराच वाद झाला. रोगेवेल्डच्या कबरी 1956 मध्ये जवळच्याच व्लाड्स्लो येथील मोठ्या दफनभूमीत हलवण्यात आल्या. तेथे पंचवीस हजारांहून अधिक जर्मन सैनिक पुरलेले आहेत. जमिनीत बसवलेल्या एकेका सपाट दगडावर अनेकांची नावे कोरलेली असतात. पीटरचे नावही अशाच एका दगडावर, इतरांच्या यादीत आहे. कबरींबरोबर ती दोन ग्रॅनाइटची माणसेही तेथे नेण्यात आली आणि त्या दगडापुढे बसवण्यात आली.